दाद कुठल्या ओळीला?

(खांदेश्वर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींच्या घरच्यांनी निमंत्रण देताना एक अट घातली होती : भाषणात गुरुजींचे गोडवे नकोत, कवितेवर बोला. ती अट मी पाळतो. विषय मात्र इथलाच घेतला आहे. हौशी कवी आणि त्यांनी एकमेकांना दिलेली दाद. आज ही देवघेव बहुतेक फोनवर चालते. तिच्यामुळे कविता वाढते, की नुसता कवी सुखावतो, एवढाच माझा प्रश्न आहे.

‘हौशी’ म्हटले की काही मंडळींच्या कपाळावर आठी पडते. ज्याचे पोट कवितेवर चालत नाही तो हौशी, असा अर्थ घेतला तर जवळजवळ सगळी मराठी कविता हौशी लोकांनीच लिहिलेली आहे. केशवसुत शाळामास्तर होते. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरी करत. बहिणाबाई शेतात राबत. नारायण सुर्वे शाळेत आधी शिपाई होते, मग शिक्षक झाले. तेव्हा खांदा कॉलनीतली एखादी गृहिणी किंवा कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एखादा हिशेबनीस कविता लिहीत असेल, तर पोटापाण्याच्या बाबतीत तरी तो थोरामोठ्यांच्याच पंगतीला बसलेला आहे. कवितेचा दर्जा ही निराळी गोष्ट, तिच्याकडे नंतर येतो.

आपल्या भागात हे कवी इतके का, याला कारण आहे. खांदेश्वर हे हार्बर मार्गावरचे मानसरोवर आणि पनवेल यांच्या मधले स्थानक. सीएसएमटीहून इथे यायला सव्वा तास तरी लागतो. इथली बरीच वस्ती बाहेरून आलेली आहे : कुणी लालबाग-परळमधून, कुणी सातारा-सांगलीकडून, कुणी तळकोकणातून. मूळचे आगरी-कोळी गावकरी इथलेच, पण त्यांच्या भातशेतीवर सिडकोच्या वसाहती उभ्या राहिल्या. थोडक्यात, इथल्या प्रत्येकाचे काही ना काही मागे राहिले आहे. आणि नेरूळ-बेलापूरनंतर डब्यात बसायला जागा झाली की हातात फोन आणि मोकळी वीस मिनिटे असतात. कविता लिहायला आणखी काय लागते?

या कवितेचा दिनक्रम तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. सकाळी व्हॉट्सॲप समूहाचा ॲडमिन विषय देतो : पाऊस, माहेर, बाप, रिकामी खुर्ची. कधी चारोळी, कधी अष्टाक्षरी, कधी हायकू. चारोळी चंद्रशेखर गोखल्यांच्या ‘मी माझा’मुळे घराघरांत पोचली, हायकू शिरीष पैंनी मराठीत रुजवला, आज दोन्ही प्रकार व्हॉट्सॲपच्या समूहांत रोज लिहिले जातात. दुपारपर्यंत तीस-चाळीस कविता येऊन पडतात. प्रत्येकीखाली अंगठे, जोडलेले हात, ‘अप्रतिम’, ‘भावस्पर्शी’, ‘व्वा ताई’. रात्री निकाल : सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, उत्तेजनार्थ. विजेत्याचा फोटो चिकटवलेले ई-प्रमाणपत्र येते आणि तेच दुसऱ्या दिवशी स्टेटसवर झळकते.

याची टिंगल करणे फार सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली आहे. मला ती करायची नाही. उत्तेजनावाचून मराठी कविता कधीच चाललेली नाही. १८८७ साली जळगावात नारायण नरसिंह फडणीस यांनी फक्त कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक काढले आणि ते १९३५ पर्यंत चालले. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले. धरणगावचा एक सतरा वर्षांचा मुलगा तिथे कविता म्हणायला उभा राहिला आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी देऊन टाकली. त्र्यंबक बापूजी ठोमरे हे नाव त्यानंतर कागदोपत्रीच उरले. ते प्रमाणपत्र फोटो लावलेले नव्हते, एवढाच फरक.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. रेव्हरंड टिळकांनी त्या मुलाला आपल्या घरी नेऊन ठेवले. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा ठोमरे घरातलाच एक होऊन वावरताना दिसतो. पदवी एका दिवसात मिळाली. रोज कविता ऐकणारे, दुरुस्त करणारे, त्यावर भांडणारे घर मात्र त्याला पुढची काही वर्षे मिळाले. बालकवींचे पुढे जे झाले त्याचे श्रेय वाटायचे असेल तर मी पदवीपेक्षा त्या घराला जास्त देईन.

असेच दुसरे उदाहरण वि. स. खांडेकरांचे. नाशिकच्या एका तरुण कवीच्या कविता त्यांना मोलाच्या वाटल्या. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी त्या निवडल्या, त्यांना प्रस्तावना लिहिली आणि १९४२ साली पदरचे पैसे घालून ‘विशाखा’ छापली. मराठीतले पहिले ज्ञानपीठ १९७४ चे, ते खांडेकरांना मिळाले; दुसरे १९८७ चे, ते ‘विशाखा’च्या कवीला, कुसुमाग्रजांना. बहिणाबाईंना तर लिहितावाचता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ पीतांबर चौधरी यांनी त्यांची गाणी टिपून ठेवली. सोपानदेवांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली, म्हणजे बहिणाबाई गेल्यानंतर, पुस्तक निघाले. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले. त्यांची कविता हरिभाऊ आपट्यांनी ग्रंथरूपाने आणली १९१७ साली.

या सगळ्या दाखल्यांत दाद देणाऱ्याने काहीतरी काम केले आहे. कुणी घरी ठेवून घेतले, कुणी निवड केली, कुणी उतरवून घेतले, कुणी छापले. त्यांतल्या एकाचेही उत्तेजन दोन शब्दांत आटोपलेले नाही.

आता मंडळाकडे येऊ, कारण आपले समूह म्हणजे शेवटी मंडळेच आहेत. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ सुरू झाले. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे, वि. द. घाटे, दिवाकर अशी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकी माणसे. रविवारी जमायचे, चहा घ्यायचा, कविता वाचायच्या, त्यांवर वाद घालायचे. ‘किरण’ हा एकत्रित संग्रहही त्यांनी काढला. हे एकमेकांची पाठ थोपटणारे मंडळ आहे, अशी टीका त्यांच्यावर तेव्हाही झाली, आणि ती अगदीच निराधार नव्हती. पण याच मंडळातल्या माधव जूलियनांनी ‘छंदोरचना’ लिहिली. मराठी वृत्ते, जाती, छंद यांची इतकी कसून मोजदाद करणारा माणूस तुमच्या रविवारच्या चहाला असेल, तर आठ मात्रांच्या जागी सात आल्यावर तुमची पाठ कोण थोपटणार?

आणि बाहेर अत्रे होतेच. ‘झेंडूची फुले’मध्ये त्यांनी या कवींचे जे विडंबन केले त्याने महाराष्ट्र हसला. विडंबन करायचे तर मूळ कवितेची चाल, तिची लाडकी विशेषणे, तिचे लकबीने येणारे उसासे सगळे पाठ असावे लागते. रविकिरण मंडळाला इतका बारकाईने वाचणारा दुसरा वाचक क्वचितच मिळाला असेल. आपल्या आजच्या समूहांत अत्रे शिरले तर पाच मिनिटांत ॲडमिन त्यांना काढून टाकील.

पुस्तकांच्या, मंडळांच्याही आधीची एक रीत आहे. जात्यावर दोघी समोरासमोर बसत. एकीने ओवीची ओळ घ्यायची, दुसरीने ती उचलायची, पुढे न्यायची. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या वाचताना, ऐकताना जाणवते की ऐकणारी आणि गाणारी अशी वाटणी तिथे नाहीच. समोरचीने ओळ उचलली हीच दाद. आपल्या पनवेल-उरणकडे आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नगीते, गाते. तिथेही अंगणातल्या बाया नुसत्या बसून ऐकत नाहीत, कुठे काय राहिले ते त्या बरोबर सांगतात.

मुशायऱ्याची रीत आणखी नेमकी. शेर आवडला की श्रोता तोच मिसरा पुन्हा मागतो. शायराला तिथल्या तिथे कळते, कुठली ओळ पोचली आणि कुठली वाऱ्यावर गेली. सुरेश भटांनी ही रीत मराठी मैफलीत आणली. शिवाय गझल लिहू पाहणाऱ्या नवख्यांसाठी त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली. मतला म्हणजे काय, काफिया कसा सांभाळायचा, रदीफ कुठे येते, हे साध्या मराठीत समजावणारी ती पुस्तिका मागेल त्या होतकरूला ते पाठवत. पत्रव्यवहाराने गझल शिकलेली एक पिढीच विदर्भापासून कोकणापर्यंत तयार झाली.

मग फोनवर काय बिघडले? माणसे बिघडलेली नाहीत. दाद देण्याचे हत्यार बदलले. अंगठा सबंध कवितेला मिळतो, म्हणून तो तिच्यातल्या कुठल्याच शब्दाला मिळत नाही. मुशायऱ्यातला श्रोता ओळ निवडतो. फोनवरचा वाचक निवडीच्या कष्टातून सुटतो. कवीला चाळीस अंगठे मिळतात आणि आपली कुठली ओळ उभी राहिली, कुठली कोसळली, हे त्याला चाळिसांपैकी एकाकडूनही कळत नाही. उद्या तो त्याच चुका घेऊन पुन्हा येतो आणि पुन्हा चाळीस अंगठे घेऊन जातो.

हे नुसते सांगून पटणार नाही, म्हणून नमुना देतो. या चार ओळी मी भाषणासाठी जुळवल्या आहेत, इथल्या कुणा सभासदाच्या नाहीत. तेव्हा कुणी आजूबाजूला बघू नये.

खाडीवरचा वारा येतो,
दार वाजवून निघून जातो.
मी दार उघडते, तर समोर
नव्या इमारतीची भिंत उदास.

समूहावर या ओळींना काय मिळेल? ‘अप्रतिम’. ‘वास्तव मांडलंत’. ‘निःशब्द’. निःशब्द झालेल्या माणसाने तसे टाइप करून कळवले म्हणजे कवीने काय समजायचे? आता समजा एका बाईंनी एवढेच लिहिले : “वारा दार वाजवून थांबत नाही, निघून जातो, हे फार आवडलं. पण शेवटचा ‘उदास’ काढून बघा. भिंत पुरे आहे. उदास व्हायचं काम आमच्यावर सोडा.”

एका मिनिटात लिहिता येतील अशी ही तीन-चार वाक्ये. त्यांत आवडलेली ओळ उचलली आहे, ती का आवडली ते सांगितले आहे, आणि एका शब्दावर बोट ठेवले आहे. कवयित्रीने ‘उदास’ काढला तर ओळ ‘भिंत’ या शब्दावर येऊन आदळते, जशी कवितेतली बाई दारात आदळली असेल. नाही काढला तर तो का ठेवला याचा तिने निदान विचार केला. दोन्हींत तिचा फायदाच आहे. हौशी कवींच्या आपापसांतल्या उत्तेजनाकडून मला हवे आहे ते एवढेच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. लोक दुखावतात. एखादी बाई पन्नाशीत पहिल्यांदा चार ओळी लिहिते. घरात कुणाला सांगितलेले नसते. समूहावर धीर करून टाकते. तिला पहिल्याच दिवशी मात्रा मोजून दाखवल्या तर ती पुन्हा लिहायची नाही. म्हणून पहिल्या दिवशी ‘व्वा ताई’ म्हणायलाच हवे. ते शंभराव्या दिवशीही तेवढेच राहिले, तर मात्र तिला आपण कवी म्हणून गंभीरपणे घेतलेले नाही, नुसते सांभाळून घेतले आहे. तिलाही ते कळते. दुरुस्ती चारचौघांत न सांगता वैयक्तिक निरोपात सांगावी, आवडलेली ओळ मात्र चारचौघांत सांगावी. एवढे पथ्य पाळले तर फारसे कुणी रुसत नाही.

दुसरी अडचण संख्येची. व्हॉट्सॲपच्या समूहात २०१६ पासून २५६ माणसे मावत. २०२२ मध्ये ही मर्यादा १०२४ झाली. ॲडमिन मंडळींना आनंद झाला. पण हजार माणसांच्या समूहात दिवसाला शंभर कविता आल्या तर त्या वाचणार कोण? तिथे अंगठ्यावाचून गत्यंतर नाही. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, ऑनलाइन कविसंमेलनांचा सुकाळ झाला. झूमची फुकटातली बैठक चाळीस मिनिटांनी तुटायची, म्हणून प्रत्येकाला तीन मिनिटे. आपली कविता झाली की माणूस आवाज बंद करून भाजी निवडायला मोकळा. त्या दिवसांत या बैठकांनी अनेकांना धीर दिला, हे मी मान्य करतो. पण तिथे कवी बारा होते आणि श्रोता प्रत्येक वेळी एखादाच.

तिसरी गोष्ट पैशाची. प्रातिनिधिक काव्यसंग्रह निघतात. सहभागशुल्क भरायचे, दोन पाने मिळतात, दोन-तीन प्रती मिळतात, सन्मानचिन्हही मिळते. आपले नाव छापलेले बघायला कुणी स्वतःचे पैसे खर्च केले तर त्यात गैर काही नाही; लोक त्याहून वाईट गोष्टींवर खर्च करतात. फक्त संग्रहाला संपादक आहे का, एवढे विचारावे. पैसे भरलेली प्रत्येक कविता जशीच्या तशी छापली जात असेल, तर त्या पुस्तकावर संपादक म्हणून छापलेले नाव शोभेपुरते आहे.

संपादक हा शब्द आला म्हणून थोडे मागे जातो. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची ‘सत्यकथा’ लेखकाला पत्रे लिहून एकेका शब्दाची चर्चा करण्यासाठी प्रसिद्ध होती. कविता परत आली तरी ती का परत आली हे कळायचे. त्याच ‘सत्यकथे’ची १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी होळी केली, कारण तो दरवाजा काहींनाच उघडतो अशी त्यांची तक्रार होती. त्याच्या आगेमागे अशोक शहाण्यांचे ‘असो’, शिवाय ‘येरू’, ‘फक्त’ अशी लहान अनियतकालिके निघाली. तरुण कवींनी आपापली पाने आपणच काढली आणि आपणच वाटली. १९९६ साली ‘मायबोली’ सुरू झाली आणि परदेशातली मराठी माणसेही एकमेकांचे लिखाण वाचू लागली. आज फोनने ते बंड पुरते यशस्वी करून टाकले आहे. कुणालाही कुणाची परवानगी लागत नाही. दारावरचा पहारेकरी गेला, हे उत्तमच झाले. पण त्याच्याबरोबर ते पत्र लिहिणारा माणूसही गेला. त्याची जागा रिकामी आहे. ती आता तुम्हाआम्हालाच भरायची आहे, पाळीपाळीने, एकमेकांसाठी.

चौथी आणि शेवटची गोष्ट जतनाची. ऑर्कुट २००४ साली आले, मराठी कवितेचे तिथे मोठे अड्डे होते. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झाले आणि ज्यांनी आपल्या कविता उतरवून घेतल्या नव्हत्या त्यांना त्या पुन्हा सहजी मिळाल्या नाहीत. व्हॉट्सॲपवर तर फोन बदलला की जुने सगळे जाऊ शकते. शिवाय तिथे कविता नाव कापून पुढे जाते. चार ठिकाणी फिरून परत येते तेव्हा तिच्याखाली पु. लं.चे नाहीतर कुसुमाग्रजांचे नाव असते. मोठ्या माणसाचे नाव लागले म्हणून कवीने खूश व्हावे की रडावे? हे थांबवणे आपल्या हातात आहे. नाव नसलेली कविता पुढे ढकलायची नाही आणि आपल्या कवितेखाली नाव, गाव, तारीख घालायची.

तर माझ्या सूचना तीनच आहेत. मोठा समूह चालू द्या, पण त्याच्या पोटात आठ-दहा जणांची बैठक करा, महिन्यातून एकदा, समोरासमोर. खांदेश्वरच्या देवळाजवळ तळ्याकाठी बसलात तरी चालेल, भाडे पडणार नाही. प्रत्येक कवितेला दाद देताना तिच्यातली एक ओळ उचलून लिहा. ओळ सापडली नाही तर त्या दिवशी गप्प बसा, कवीला तेही कळते. आणि वर्षाअखेरीला आपापल्या चार-पाच कविता निवडून, एकमेकांकडून तपासून, छापील प्रत जवळच्या वाचनालयात ठेवा. पन्नास पानांची झेरॉक्स आणि स्पायरल बाइंडिंग केले तरी पुरे.

यातून उद्या कुणी बालकवी निघेल असे आश्वासन मी देत नाही. त्यासाठी हा खटाटोप नाहीच. एखाद्या वसाहतीत पन्नास माणसे ‘उदास’ हा शब्द काढावा की ठेवावा यावर मनापासून वाद घालत असतील, तर त्या वसाहतीत मराठी जिवंत आहे की नाही यावर वेगळा परिसंवाद भरवावा लागत नाही.

आता प्रश्न विचारा. आणि भाषण छान झाले असे सांगायला कुणी पुढे येणार असेल, तर कुठले वाक्य, तेवढे कृपया सांगावे.